आधी फोटो, मग लॅपटॉप

(मंडळाच्या आषाढातील मासिक सभेत छायाचित्र-संग्रह समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



सभेच्या सूचनापत्रात आजचा विषय ‘संग्रहाचा जुना लॅपटॉप : दुरुस्ती की नवी खरेदी’ असा छापला आहे. विषय रुक्ष वाटेल, पण गेल्या दोन वर्षांत कार्यकारिणीत यावर जेवढे वाद झाले, तेवढे मूर्तीच्या उंचीवरही झाले नसतील. आमच्या समितीत आम्ही चौघे. दोघे निवृत्त, एक गृहिणी आणि एक कॉलेजात शिकणारा मुलगा. चौघांची मते पहिल्या दिवशी चार होती. आज एक आहे, आणि ते कसे झाले तेच सांगायला उभे आहोत. त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

बडोद्याला फोटो नवे नाहीत. सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले आणि पुढे त्यांनी गोध्र्याला फोटोचा व्यवसाय केला, हे आपण अभिमानाने सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांना त्रिकोणी चिकटपट्ट्या लावलेले अल्बम आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीतली जुनी घरे आता पाडली जात आहेत, माणसे फ्लॅटमध्ये जात आहेत, आणि सामान कमी करताना पहिल्यांदा हे अल्बम बाहेर पडतात. म्हणून २०२१ मध्ये मंडळाने ठरवले, घरोघरचे जुने फोटो स्कॅन करायचे, डाग-चिरा साफ करायच्या, आणि मूळ फोटो ज्याचे त्याला परत द्यायचे.

कामाला लॅपटॉप मिळाला तो मंडळाचा हिशेबाचा, २०१७ साली घेतलेला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. पावत्या लिहायला तो उत्तम होता. फोटोच्या कामाला बसवल्यावर मात्र सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटे घेऊ लागला. बटण दाबून आम्ही चहा ठेवायचो. चहा होऊन, पिऊन, कप विसळून आलो तरी निळे वर्तुळ फिरतच असायचे. एका फोटोवरची चीर भरायला ब्रश फिरवला की पडद्यावर त्याचा परिणाम दिसेपर्यंत थांबावे लागे.

मग वाद सुरू झाला. एक बाजू म्हणे, नवा घ्या, देणगीदारही तयार आहेत. दुसरी म्हणे, मंडळाच्या पैशातून सत्तर-ऐंशी हजार एका यंत्रावर घालायचे, आणि पाच वर्षांनी पुन्हा हेच. तिसरी म्हणे, दुरुस्त करून बघू. या वादात दोन गणपती येऊन गेले. आणि या सगळ्या काळात आमच्यापैकी एकाच्याही तोंडून हा प्रश्न निघाला नाही की, या लॅपटॉपमध्ये जे फोटो आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठे आहे?

दुसरी प्रत नव्हती. हीच ती चूक.

२०२४ च्या ऑगस्टचा शेवट इथे कोणाला आठवत नाही? विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा गणपतीला दहा-बारा दिवस उरले होते. आपल्या एक काकू नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. त्यांचे कपाट छातीएवढ्या पाण्यात दोन दिवस होते. पाणी ओसरल्यावर त्या मंडळाच्या ऑफिसात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चिखलाने माखलेले दोन अल्बम. टेबलावर ठेवून एवढेच म्हणाल्या, “हे गेले. पण तुमच्याकडे आहेत ना, तुम्ही बावीस साली काढून घेतले होते ते?”

आम्ही म्हणालो, “आहेत, काकू.” आणि लॅपटॉप सुरू केला. तो सुरू होताना आतून टक टक असा आवाज येऊ लागला.

आमच्या ओळखीचे एक दुरुस्तीवाले भाई आहेत. त्यांना फोनवरच तो आवाज ऐकवला. त्यांनी एका वाक्यात आमच्या दोन वर्षांच्या वादाचा निकाल लावला. “पहेलां फोटा बचावी लो, पछी बीजी वात.” आणि सांगितले की मशीन लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

इथे थोडे थांबून सांगतो, कारण हे प्रत्येकाच्या घरी कामाला येईल. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात आणि त्यांच्यावरून अगदी केसाएवढेही अंतर न ठेवता वाचणारा भाग फिरत असतो. टक टक आवाज येऊ लागला की तो भाग बहुधा आपली जागा चुकतो आहे. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवायचे नाहीत, डीफ्रॅग करायचे नाही, कारण प्रत्येक फेरीत ती आणखी झिजते. जे परत मिळणे शक्य नाही ते सगळ्यात आधी कॉपी करायचे. सिनेमे, गाणी, प्रोग्रॅम यांच्याकडे बघायचेही नाही. आपल्याला फार मोलाचे काही असेल आणि डिस्क दिसतच नसेल, तर स्वतः खटपट न करता डेटा काढून देणाऱ्या जाणत्याकडे न्यावी.

भाईंनी डिस्क बाहेर काढून आपल्या यंत्राला जोडली. आमच्या संग्रहात तेव्हा सुमारे तीन हजार फोटो होते. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की २४०० गुणिले ३६०० पिक्सेल होतात, आणि दाबून लहान न केलेली टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. तीन हजारांचे झाले ७८ जीबी. धडधाकट डिस्कवरून हे पंधरा-वीस मिनिटांचे काम. आमच्या डिस्कला दोन रात्री लागल्या. काकूंचा फोल्डर आम्ही पहिला घ्यायला सांगितला. त्यांचे २१४ फोटो होते. १९७ निघाले. सतरा फाइली उघडल्याच नाहीत.

त्या सतरांसाठी आम्ही चिखलातल्या अल्बमकडे परत गेलो. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की सोडवता येत नाहीत, म्हणून ते स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे केले आणि सावलीत, चित्राची बाजू वर ठेवून, वाळवले. सतरापैकी अकरा या ना त्या अवस्थेत हाती आले. सहा कायमचे गेले. त्यात काकूंच्या सासूबाईंचा हळदीकुंकवाचा एकुलता एक फोटो होता. काकू आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवे होते, असे आम्हाला वाटत राहिले.

त्यानंतरच्या बैठकीत लॅपटॉप घ्यायचा की नाही, हा प्रश्न आम्ही चौथ्या क्रमांकावर टाकला. पहिले तीन प्रश्न असे होते. फोटो सुरक्षित आहेत का? यंत्र नेमके कशामुळे रखडते? आणि आपण त्याच्यावर काय काम करणार आहोत?

पहिल्याचे उत्तर आता देता येते. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती. एक कामाच्या लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर मंडळाच्या कपाटात, आणि तिसरी दुसऱ्या एका हार्ड डिस्कवर, पुण्याला एका सभासदांच्या मुलीकडे. तिसरी शहराबाहेर का, ते पूर पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. दर सहा महिन्यांनी या डिस्का जोडून, चार-दोन फाइली उघडून बघतो. कपाटात ठेवली म्हणजे डिस्क अमर झाली असे नसते. पेनड्राइव्हवर तर भरवसाच ठेवू नये. तो एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यापुरता.

आता दुसरा प्रश्न. यंत्र रखडते म्हणजे काय रखडते? आमच्या समितीतल्या ताईंनी हे आम्हा निवृत्तांना स्वयंपाकघरावरून समजावले. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा. डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा जेवढा मोठा तेवढ्या वस्तू हाताशी. ओटा लहान असला की दर वेळी एक डबा कोठीत ठेवून दुसरा आणायचा. आणि कोठी अंधारी, लांब, पायऱ्या उतरून असेल, तर बाई कितीही चपळ असली तरी पोळ्या उशिराच होणार. आपण मात्र बाई बदलायच्या गोष्टी करत होतो.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जाऊन नेहमीचे काम करत राहायचे आणि तीन आकडे बघायचे. काम अडलेले असताना डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर पंधरा-वीसवर असेल, तर दोष डिस्कचा. मेमरी नव्वदच्या वर चिकटून बसली असेल, तर रॅम कमी. प्रोसेसरच बराच वेळ शंभरावर राहत असेल, तर मात्र यंत्राची ताकद खरोखर कमी पडते आहे. आमच्याकडे डिस्क शंभर, मेमरी ९४ आणि प्रोसेसर १८ होता. म्हणजे बाई मोकळीच बसली होती.

चार जीबीतला निम्म्याच्या आसपास भाग विंडोज स्वतःच घेते. उरलेल्यात २६ एमबीची फाइल सहज मावेल असे वाटते, पण डाग काढताना आपण थरावर थर चढवतो, आणि मागे जाता यावे म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक पायरी लक्षात ठेवतो. बघता बघता काही शे एमबी होतात. रॅम भरली की संगणक डिस्कलाच ओटा म्हणून वापरू लागतो, आणि तिथे सगळे बसते. फोटोशॉप बनवणारेही किमान आठ जीबी आणि चांगल्या कामाला सोळा जीबी रॅम सुचवतात.

दिवाळीच्या आधी आम्ही दुरुस्ती केली. मेलेल्या डिस्कच्या जागी त्याच आकाराची, अडीच इंची, ५१२ जीबीची एसएसडी बसवली. फिरती डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, तर साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. त्याहून मोठा फरक पडतो तो लहान लहान फाइली शोधण्यात, कारण एसएसडीत फिरणारे काही नसते. रॅम चारची सोळा केली. मागचे झाकण उघडून पंख्यातली सात वर्षांची धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. बडोद्याच्या मे महिन्यात हेही महत्त्वाचे. यंत्र फार तापले की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग उतरवतो. सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या सहाव्या हिश्श्यात बसला. लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात उघडतो. चहा वेगळा करून प्यावा लागतो.

घरी कोणी असे करणार असेल तर दोन गोष्टी आधी बघा. पहिली, रॅम बदलता येते का. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते आणि वाढवताच येत नाही. बदलता येत असेल तर कोणत्या जातीची लागते, तेही बघा. डीडीआर-थ्रीच्या खाचेत डीडीआर-फोर बसत नाही. दुसरी, बॅटरी. टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ते धोकादायक असते. तशी बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका, लॅपटॉप सरळ दुरुस्तीला न्या. आणि आमचा एक ठोकताळा सांगतो. सुट्या भागांचा आणि मजुरीचा खर्च नव्याच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल, तर दुरुस्तीचा मोह सोडा.

आता कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. पण नाही. तिसरा प्रश्न बाकी होता. या यंत्रावर काम कोणते करायचे?

वाळवलेल्या अकरा फोटोंत एक काकूंच्या आईचा होता. साधारण १९५० च्या सुमाराचा, स्टुडिओत खुर्चीवर बसून काढलेला. पाण्याने अर्ध्या चेहऱ्यावर ढग पसरला होता. एका डोळ्याचा कोपरा आणि ओठ पुसट झाले होते. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाच्या मित्राकडे नवा, ताकदवान लॅपटॉप आहे. वेगळे ग्राफिक कार्ड, भरपूर रॅम. त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने जुने फोटो सुधारणारा प्रोग्रॅम आहे. त्याने अर्ध्या मिनिटात फोटो करून दिला. डोळे तेजस्वी, त्वचा नितळ, ओठ रेखीव. आम्हाला फारच आवडला. प्रिंट काढून काकूंकडे घेऊन गेलो.

काकूंनी बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “छान आहे हो. पण ही माझी आई नाही.”

आम्ही ओशाळलो. नंतर नीट विचार केल्यावर लक्षात आले की त्यांचे अक्षरशः खरे होते. पाण्याने जे पुसले गेले ते त्या प्रोग्रॅमला माहीत नव्हते. त्याने हजारो इतर चेहऱ्यांवरून शिकून, साधारण असा चेहरा असावा, असा अंदाजाने भरला होता. आईच्या डाव्या भुवईवर देवीचा एक व्रण होता. प्रोग्रॅमने तो डाग समजून काढून टाकला होता.

मग तोच फोटो आम्ही आमच्या जुन्या लॅपटॉपवर, ‘गिम्प’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हाताने केला. कागदावरचे डाग काढले, चिखलाचा पिवळेपणा उतरवला, चिरा भरल्या. चेहऱ्याचा जो भाग पुसला गेला होता तो पुसटच ठेवला. तीन संध्याकाळी लागल्या. काकू शेजारी बसून सांगत होत्या, इथे नथीचा मोती होता, हे राहू द्या, तो व्रण राहू द्या. तो फोटो आता त्यांच्या देवघराच्या भिंतीवर आहे. अर्धा पुसट आहे, पण आई आहे.

तेव्हा समितीने एक नियम केला. चेहऱ्यात यंत्राने भर घालायची नाही. मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळा ठेवायचा, सुधारलेली प्रत वेगळी. आणि या नियमामुळे लॅपटॉपचा प्रश्नही सोपा झाला. आमच्या कामाला फार मोठी ताकद लागत नाही. स्कॅन, डाग, चिरा, रंग, एवढ्याला सोळा जीबी आणि एसएसडी पुरते. लागतो तो वेळ, धीर आणि शेजारी बसून सांगणारे माणूस.

पण एक गोष्ट मात्र लागते आणि ती आमच्याकडे नव्हती. चांगला पडदा. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ आठवा. बाप्पाचा शेंदरी रंग विटकरी छापला गेला होता आणि मागचे मखर काळोखात बुडाले होते. आम्ही छापखान्याला दोष दिला. दोष आमच्या पडद्याचा होता. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यांना बऱ्याचदा सगळे रंग दाखवताच येत नाहीत, आणि मान थोडी हलवली की उजेड बदलतो. त्यात आम्ही पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवून काम करत होतो. झगझगीत पडद्यावर फोटो उजळ दिसतो, म्हणून आपण तो आणखी गडद करतो, आणि कागदावर तो काळवंडतो.

म्हणून देणगीतल्या थोड्या पैशांत आम्ही चोवीस इंची, आयपीएस जातीचा, एसआरजीबी रंग शंभर टक्के दाखवणारा मॉनिटर घेतला. त्याचा प्रकाश उतरवून, खिडकीकडे पाठ न करता बसतो, म्हणजे बाहेरचा उजेड पडद्यावर पडत नाही. या वर्षीचे मुखपृष्ठ त्यावर केले आहे. छापून आले की आमचा दावा तपासा. मॉनिटर घेण्यामागे आणखी एक हिशेब होता. उद्या लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर आणि बाहेरच्या डिस्का तशाच कामाला येतात. ज्या वस्तू पुढच्या यंत्राबरोबरही चालतील त्यांच्यावर खर्च आधी करावा.

आता चौथा प्रश्न, नवा लॅपटॉप. तो कधीच नको, असे आम्ही म्हणत नाही. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापुढे वर्षभर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची सोय ठेवली होती. विंडोज ११ साठी इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी किंवा नंतरची पिढी लागते. आमचा सातवीचा, एका इयत्तेने नापास. त्यामुळे आता हा लॅपटॉप इंटरनेटला जोडायचा नाही, असे ठरवले आहे. तो स्कॅनरशेजारी बसेल, स्कॅन करेल, डाग काढेल. बँकेचे व्यवहार, ईमेल, वर्गणीच्या पावत्या त्यावर अजिबात नाहीत. घरी कोणाला असाच जुना लॅपटॉप इंटरनेटसह वापरायचा असेल, तर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली हा एक मार्ग आहे. फक्त आपला स्कॅनर आणि प्रिंटर तिच्यावर चालतो का, ते आधी बघावे.

आणि आमच्यातल्या कॉलेजच्या मुलाला मात्र आम्हीच सांगितले, तू नवा घे. तो लग्नाचे फोटो काढून चार पैसे मिळवतो. एका लग्नाच्या हजार-दीड हजार कच्च्या, म्हणजे रॉ फाइली. रात्रीच्या फोटोतले दाणे काढायचे काम ग्राफिक कार्डावर चालते. विसर्जन मिरवणुकीचा एक फोटो आम्ही आमच्या लॅपटॉपवर त्या कामाला लावला, तर वीस मिनिटे झाली तरी संपेना. त्याच्याकडे प्रोसेसरच शंभरावर राहतो, म्हणून त्याचे उत्तर वेगळे. एकच प्रश्न, पण दोन घरी दोन उत्तरे.

त्याच्यासाठी आम्ही जी यादी केली तीच इथे देतो. सोळा जीबी रॅम पहिल्यापासूनच, कारण नंतर वाढवता येईलच असे नाही. किमान ५१२ जीबीची एसएसडी, आणि दुसरी बसवायला जागा असेल तर उत्तम. पडद्यासमोर ‘एसआरजीबी १०० टक्के’ लिहिलेले हवे. ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल तर तो फोटोच्या कामाचा नाही. प्रकाश तीनशे निटच्या आसपास. झाकणावरच्या चिकटपट्टीला भुलू नये. जुन्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा नव्या पिढीचा आय-फाइव्ह बहुतेक वेळा सरस असतो. वेगळे ग्राफिक कार्ड फक्त ज्याला ते काम आहे त्यानेच घ्यावे. आणि दुकानात जाताना आपलाच एक फोटो पेनड्राइव्हवर न्यावा, तो उघडून, मान इकडे तिकडे करून पडदा बघावा. साडी घेताना आपण पदर उजेडात नेऊन बघतोच की.

मंडळी, देणगीदारांना आम्ही विनंती केली आहे की नव्या लॅपटॉपसाठी ठेवलेली रक्कम मंडळाने सध्या तशीच राखून ठेवावी. पुढे हाच टास्क मॅनेजर पुन्हा उघडू आणि ठरवू. तोपर्यंत हा जुना चालेल. चालला नाही तरी आता भीती नाही, कारण त्याच्यात असे काहीच नाही जे आणखी दोन ठिकाणी नाही.

शेवटी एकच मागणे. सासूबाईंच्या हळदीकुंकवाचा तो फोटो आमच्या वाट्याचे कर्ज म्हणून आम्ही मनात ठेवला आहे. एका समारंभाचे फोटो चार घरी गेलेले असतात. तुमच्या कपाटात १९६० च्या आसपासचा, मांडवीतल्या वाड्याच्या चौकात सात-आठ बायका बसलेला, मागे तुळशीवृंदावन असलेला एखादा फोटो असेल, आणि त्यातली कोण कोण हे तुम्हाला माहीत नसेल, तर तो गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाच्या ऑफिसात घेऊन या. काकू रोज संध्याकाळी आरतीनंतर तिथेच असतात. त्या ओळखतील.

गणपती बाप्पा मोरया!